नांगर मागे बांधू नका

नदीतून होडीने चार दिवसांची सफर. त्यातले तीन दिवस निवांत गेले, त्यामुळे त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. हे लिहितोय ते फक्त दुसऱ्या दिवशीच्या दुपारसाठी. तळहाताची सालं अजून निघताहेत, तेव्हा सूर जरा चढा लागला तर चालवून घ्या. पोहता येतं, अंगात लाइफ जॅकेट आहे आणि होडी वळवता येते, एवढं गृहीत धरून लिहितोय.

होडी भाड्याची, साडेचार मीटरची, मागे छोटं इंजिन. सोबत मिळाला चार आकड्यांचा घडीचा नांगर. त्याला थेट निळा प्लॅस्टिकचा दोर, साखळीचा पत्ता नाही. होडीवाला म्हणाला, "मागच्या कडीलाच बांधलाय, हाताशी राहतो. पंधरा मीटर दोर आहे, नदीला रग्गड झाला." आम्ही दोघांनी माना डोलावल्या. आमचा स्वतःचा नांगर साखळीसकट पिशवीत पडून होता. "दिलाय ना त्याने, मग कशाला उगाच ओझं काढायचं?" हे वाक्य माझंच.

दुसऱ्या दिवशी एका वळणानंतर पात्र अरुंद झालं आणि पाण्याला ओढ लागली. नेमकं तिथेच पंख्यात गवत गुंतलं. थांबून साफ करू म्हणून मागूनच नांगर सोडला. आधी तो गोट्यांवरून घसरत गेला. दोराला धरलेल्या हाताला ती टकटक स्पष्ट जाणवत होती. मग कुठल्या तरी फटीत अडकला आणि होडी हिसका बसून थांबली, पाठ प्रवाहाकडे करून.

मागची बाजू सपाट आणि बसकी, त्यात इंजिनाचं वजन, त्यात आम्ही दोघं तिथेच वाकलेलो. पाणी फळीवर चढायला लागलं, आणि जितकं चढेल तितका दोर तिला आणखी खाली खेचणार. बघता बघता घोट्यापर्यंत पाणी आत. "सोड, सोड!" मित्र ओरडतोय, पण ताणाखाली आवळलेली गाठ सुटते होय? चाकू पिशवीच्या तळाशी. तो सापडेपर्यंत काय वाटलं ते लिहीत नाही. दोर कापला, होडी गर्रकन फिरली आणि आम्ही पुढच्या वाळूच्या पट्ट्यावर जाऊन पातेल्याने पाणी उपसत बसलो.

तर, वाहत्या पाण्यात नांगर नेहमी नाळेवरून, म्हणजे पुढच्या टोकावरून. मागून कधीच नाही, बाजूने तर त्याहून नाही, आडवी होडी उलटते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की ओढ साधारण चौपट होते, त्यामुळे संथ पाण्यात चाललेली युक्ती ओढीच्या पाण्यात चालेलच असं नाही.

त्या पट्ट्यावरच आमचा नांगर पिशवीतून निघाला. दोन चपट्या पात्यांचा, डॅनफोर्थ पद्धतीचा, चार किलोंचा. त्याला चार मीटर साखळी आणि पुढे तीस मीटर नायलॉन दोर. खरं काम साखळी करते. ती दोराचं टोक तळाशी आडवं ठेवते, म्हणून पाती रुततात. ओढ वरच्या दिशेने लागली की नांगर सुटलाच समजा. नायलॉन पाण्यात बुडतो, थोडा ताणतो आणि हिसका पचवतो. त्या निळ्या प्लॅस्टिकसारखा तरंगून पंख्यात जात नाही.

दोराच्या लांबीचा हिशोब नाळेच्या उंचीपासून करा. पाणी तीन मीटर, नाळ अर्धा मीटर वर, म्हणजे साडेतीन. त्याच्या सातपट, जवळजवळ पंचवीस मीटर. आमच्या "रग्गड" पंधरा मीटरची पट चारच्या आसपास येत होती, आणि तीही साखळीशिवाय.

शॅकलची, म्हणजे साखळी जोडणाऱ्या यू आकाराच्या कडीची, खीळ हाताने घट्ट केली म्हणजे झालं, असं मानू नका. मी बघितलं तेव्हा आमचीच दोन आटे सैल होती. पान्याने आवळा, मग खिळीच्या भोकातून तार ओवून शॅकलला गुंडाळा. दोराच्या फाशात धातूची खोबणदार कडी हवी, नाहीतर शॅकल दोर कातरतो. दोराचं दुसरं टोक होडीला बांधलेलं असू द्या, आणि चाकू नाळेपाशी, उघड्यावर.

नांगर भिरकावू नका. नाळ प्रवाहाकडे करून सावकाश खाली सोडा, होडीला मागे वाहू द्या, दोर हळूहळू द्या आणि शेवटी क्लीटवर, म्हणजे दोर बांधायच्या दोन शिंगांच्या खुंटीवर, आधी पूर्ण वेढा, मग आठाचा आकडा. दोराच्या वेटोळ्यात पाय नको. मग काठावरची दोन झाडं एका रेषेत धरून पाच मिनिटं बघत बसा. रेष मोडली तर नांगर घसरतोय.

खडकाळ तळ असेल तर साखळी नांगराच्या मुळाशी, म्हणजे पात्यांकडच्या टोकाला जोडा आणि वरच्या कडीला केबल टायने, म्हणजे प्लॅस्टिकच्या पट्टीने बांधा. अडकला की जोर लावल्यावर टाय तुटतो आणि नांगर उलट्या बाजूने निघतो. पण या जोडणीवर रात्री झोपू नका, टाय नको तेव्हाही तुटतो. वर धरण असेल तर रात्री पाणी चढू शकतं, म्हणून आधीच जास्त दोर सोडा. उचलताना इंजिनाने हळू पुढे जात दोर नाळेवर गोळा करा, हाताने होडी ओढायच्या फंदात पडू नका. माझ्या तळहातांची कहाणी तिथली, तिसऱ्या सकाळची.

परतल्यावर होडीवाल्याने हरवलेल्या नांगराचे पैसे नव्याच्या भावाने लावले. गंजून आकडे झिजलेल्या नांगराचे! वाद घालायची ताकद नव्हती, दिले. आम्ही सामान उतरवत होतो, तेवढ्यात त्याने आमच्याच होडीत दुसरा घडीचा नांगर ठेवला आणि निळा दोर मागच्या कडीत ओवला.