टेक शेअरची किंमत उलट्या बाजूने तपासा

आजचा भाव रास्त ठरायला कंपनीला किती वाढावं लागेल, हे गणित दादर ते चर्चगेट प्रवासात मोबाईलवर होतं. तरी आयपीओला (कंपनीच्या पहिल्या जाहीर शेअरविक्रीला) अर्ज टाकण्याआधी ते मांडणारे थोडेच. "वाढ बघा हो, पी/ई काय बघता?" म्हटलं की विषय संपतो. (पी/ई म्हणजे भाव नफ्याच्या किती पट.)

मग वाढच बघू. समजा, मार्केट कॅप (सगळ्या शेअरची मिळून किंमत) १ लाख कोटी, विक्री ४ हजार कोटी, नफा अजून नाही. वर्षाला १२ टक्के परतावा हवा, तर १० वर्षांनी मार्केट कॅप ३.१ लाख कोटी हवं. तेव्हा २५ पी/ई मिळेल असं धरू. हे उदारच झालं. म्हणजे नफा १२,४०० कोटी लागेल. विक्रीवर १५ टक्के नफा सुटला, तर विक्री हवी जवळपास ८३ हजार कोटी. सलग दहा वर्षं ३५ टक्के वाढ!

त्यातही ईसॉप (कर्मचाऱ्यांना दिले जाणारे शेअर) विसरले जातात. दरवर्षी २ टक्के नवे शेअर आले तर दहा वर्षांत ते २२ टक्क्यांनी वाढतात. नफा तेवढ्या जास्त शेअरांत वाटला जातो, मग लागणारी वाढ ३८ टक्क्यांवर जाते. कंपनीच्या 'ॲडजस्टेड एबिटा'मधून (व्याज, कर, घसारा वजा करण्याआधीच्या, कंपनीने आपल्या पद्धतीने मांडलेल्या नफ्यातून) हा खर्च बहुधा वगळलेला असतो, म्हणून वार्षिक अहवालातली डायल्युटेड (पुढे येऊ शकणारे शेअर धरून) शेअरसंख्या तीन वर्षांची शेजारीशेजारी लिहून बघावी.

आता वाढ मंदावते असं धरा: चार वर्षं ४० टक्के, पुढे ३०, २५, २०, १८, १५, १२. कोणत्याही कंपनीला अभिमान वाटेल अशी ही कामगिरी. विक्री ११ पटींहून जास्त होते, पण वरच्याच हिशेबाने, नवे शेअर धरून, शेअरधारकाच्या हातात वर्षाला साडेतीन टक्केसुद्धा पडत नाहीत. एफडी बरी.

मायक्रोसॉफ्टचं हेच झालं. डिसेंबर १९९९ नंतरच्या १५ वर्षांत विक्री चौपट झाली, पण शेअरला जुना उच्चांक गाठायला त्याहून जास्त काळ लागला. धंदा उत्तम होता, भाव फार होता.

माझ्या मते वाढीपेक्षा मार्जिनवर (विक्रीतून किती टक्के नफा सुटतो, त्यावर) जास्त वेळ घालवावा. वरच्या उदाहरणात, नवे शेअर धरून, मार्जिन २५ टक्के धरलं तर ३१ टक्के वाढ पुरते. ५ टक्के धरलं तर ५४ टक्के लागते. आणि मार्जिन धंद्याच्या प्रकारावर ठरतं. सॉफ्टवेअरचा हजारावा ग्राहक जवळपास फुकटात सांभाळला जातो. पण अंधेरीत भर पावसात पोचवलेल्या हजाराव्या ऑर्डरलाही रायडरला पैसे द्यावेच लागतात, उलट पावसाचे थोडे जास्तच.