पुस्तक कुठलं काढू, फादर?

सप्टेंबरअखेर मी धर्मगुरू कमी आणि कारकून जास्त असतो. ३० तारखेच्या पटावर शाळेची संचमान्यता ठरते, म्हणजे शासन किती शिक्षकांचा पगार देणार ते. पटावर नुसतं मूल असून भागत नाही, शासनाच्या पोर्टलवर ते ‘आधार वैध’ लागतं. वसईत ही काय भानगड होते ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. आमची आडनावं पोर्तुगीज. दाखल्यावर डिमेलो, आधारवर डमेलो, बापाच्या कार्डावर मध्येच एक स्वल्पविराम लटकलेला. पोरगं रोज माझ्यासमोर बसून डबा खातं, पण पोर्टलच्या लेखी अवैध. अशी चार मुलं अडकली होती. आमच्यासारख्या मराठी माध्यमाच्या शाळेत चार मुलं म्हणजे एक शिक्षक अतिरिक्त. यंदा पहिलीत सात जण आलेत. शेजारच्या इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी आईबाप पहाटेपासून उभे राहतात. ती शाळाही आम्हीच चालवतो आणि त्या रांगेतले निम्मे माझे माजी विद्यार्थी असतात, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

त्या दिवशी दुपारी मी त्या चार आडनावांशीच झटत होतो, तेवढ्यात फोन आला. वाडीतल्या मावशी गेल्या. वय सत्त्याऐंशी. अंत्यविधी चार वाजता, कारण परदेशातली मंडळी दोन दिवसांपूर्वीच येऊन ठेपली होती आणि पाऊस कधीही कोसळला असता.

मावशींना मी चार वर्षं दर पहिल्या शुक्रवारी घरी जाऊन ख्रिस्तप्रसाद देत होतो. आजाऱ्यांची ही फेरी मला शाळेच्या कुठल्याही तासापेक्षा आवडते. लाल लुगडं, कानांत जुने जड दागिने, खाटेशेजारी रोझरी. माझ्याशी कादोडीत, म्हणजे आम्हा वसईच्या कुपारी ख्रिस्ती समाजाच्या बोलीत बोलायच्या, कारण मी पण कुपारीच. प्रार्थना मात्र स्वच्छ मराठीत, पुस्तकी मराठीत, ‘ळ’ आणि ‘ण’ जिथल्या तिथे. आणि कधीकधी, थकल्या की, मध्येच ‘ओरा प्रो नोबिस’ पुटपुटायच्या. संतांच्या मालेला लॅटिनमध्ये द्यायचा तो जबाब. त्यांच्या तोंडी त्याचं ‘ओरापुरनोबीस’ असं एकच सलग झालं होतं, एखाद्या भाजीचं नाव असावं तसं.

पावणेचारला सॅक्रिस्टीत, म्हणजे चर्चच्या तयारीच्या खोलीत, झगा चढवत होतो. नातू आत आला. दहावीला मराठी मीच शिकवलेला, निबंधात पैकीच्या पैकी घेणारा. आता मोठ्या कंपनीत आहे.

“फादर, एक विनंती होती. मिस्सा इंग्लिशमध्ये घ्याल का? पोरांना काहीच कळत नाही हो. टोरांटोहून आत्येभावंडं आलीत, त्यांच्या बायकांनाही नाही कळत.”

“आजीला इंग्रजी येत होतं का रे?”

“आजी आता कुठे ऐकणार आहे, फादर.”

हे तो उद्धटपणे बोलला नव्हता. डोळे सुजलेले होते. पण मी त्याला जे काही शिकवलं ते सगळं त्या एका वाक्यात कुठेतरी गडप झालं असं वाटलं. खरं तर नियमाची काही आडकाठी नव्हती. मिस्सा, म्हणजे आमची चर्चमधली उपासना, कुठल्या भाषेत घ्यायची हे धर्मग्रामाच्या, म्हणजे त्या चर्चच्या लोकांच्या सोयीनं ठरतं. चर्चची व्यवस्था पाहणारा सॅक्रिस्टन दोन्ही पुस्तकं समोर धरून उभा. “कुठलं काढू, फादर?” बाहेर घंटा वाजायला लागली होती. मी इंग्रजीकडे बोट केलं.

आमच्या कामातली एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. मिस्सा म्हणजे भाषण नव्हे, ती सवाल-जबाबासारखी चालते. मी एक ओळ म्हणतो, लोक एक ओळ परत करतात, आणि त्या परत येणाऱ्या ओळीवर मी पुढची उचलतो. कसलेल्या धर्मग्रामात हा ताल इतका पक्का असतो की ताप असला तरी माणूस त्याच्यावर तरंगत पार पडतो. त्या दिवशी मी ओळ टाकली आणि समोरून काही आलं नाही. पुढच्या तीन बाकांवर मावशींच्या बरोबरीच्या बाया, सगळ्या लाल लुगड्यांत, एरवी ज्यांचा आवाज मायक्रोफोनवर मात करतो, त्या तोंडं मिटून बसलेल्या. रागानं नव्हे, पाहुण्याच्या घरी बसल्यासारख्या. जबाब येत होता तो मागून, सात-आठ जणांचा, विरळ. प्रवचनात मी मावशींच्या पानवेलीबद्दल बोललो. ‘पानवेल’ला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला ठाऊक आहे, पण तो शब्द उच्चारल्यावर त्यात ना ओल होती ना मंडपाची सावली.

दफनभूमीत मी पाणी शिंपडलं, पुस्तक उघडलं, आणि पहिला शब्द काढायच्या आत मागून एक म्हातारा आवाज आला. ‘नमो मरिया.’ शेजारीण होती. मग सगळ्या. मी पुस्तक मिटून घेतलं. पाऊस सुरू झाला तरी कोणी थांबेना. नातूही म्हणत होता, हे मी पाहिलं. टोरांटोची छोटी मुलगी आजूबाजूच्या ओठांकडे टकामका बघत होती.

इथे थांबलं तर गोष्ट सोपी आहे, मराठीचा विजय वगैरे. पण रात्री मृत्युनोंद लिहायला बसलो आणि सरळ वाटेना. मावशींचा बाप्तिस्मा लॅटिनमध्ये झाला, लग्न लॅटिनमध्ये लागलं, आईबाप त्यांनी लॅटिनमध्येच मातीला दिले. दुसरी व्हॅटिकन परिषद, म्हणजे उपासनेत स्थानिक भाषांना वाट देणारी चर्चची बैठक, १९६५ ला संपली तेव्हा त्या पंचविशी ओलांडलेल्या, लेकुरवाळ्या होत्या. त्यानंतर आमच्याकडे वेदीवर मराठी आली आणि फादर लोकांकडे तोंड करून उभा राहू लागला. म्हणजे न कळणारी भाषा त्यांना काही नवी नव्हती. आयुष्याची पहिली पंचवीसएक वर्षं त्यांनी अर्थाशिवाय श्रद्धा केली. आणि नंतर आली ती मराठी तरी कुणाची? शाळेची, पुस्तकाची. लहानपणी वर्गात कादोडी बोललो म्हणून मी छड्या खाल्ल्या आहेत, आणि मुख्याध्यापक झाल्यावर तीच कादोडी मीही मुलांच्या वह्यांतून लाल शाईनं खोडली आहे.

दुसऱ्या दिवशी नातवाचा संदेश आला. ‘मनापासून आभार फादर, आजीला आवडलं असतं.’ मराठीच, पण रोमन अक्षरांत. मी चिडलो, आणि मग याच मुलाला दहावीत शिकवलेला धडा आठवला. १५७९ साली गोव्यात उतरलेला इंग्रज जेजुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स, त्याच्या हजारो मराठी ओव्यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राचोलला छापलं गेलं ते रोमन लिपीतच. देवनागरीचे छपाईचे खिळे नव्हते म्हणून. हा धडा मी दरवर्षी छाती फुगवून शिकवतो. आभाराच्या संदेशाला उत्तर काय लिहावं ते मात्र सुचेना, शेवटी हात जोडलेली खूण पाठवली.

चारपैकी तीन आडनावं जुळली. चौथ्याचे वडील आधार केंद्रावर तीन खेपा घालून आले, अजून तेच.

परवा मावशींची महिन्याची मिस्सा आहे. पाहुणे परत गेलेत, नातू येणार आहे, शेजारणी तर येतीलच. आज सॅक्रिस्टननं विचारलं, पुस्तक कुठलं काढू. मराठी, म्हणालो. अगदी चटकन म्हणालो. समोर सुजलेल्या डोळ्यांनी उभं राहून विचारणारं कोणी नव्हतं ना.