हातोडीनं बसलेला जॉब

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या मशीन शॉपमध्ये क्वालिटी माझ्याकडे आहे. फाउंड्रीतून पंपाची कव्हरं येतात, आम्ही व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनवर होल मारून पाठवतो. त्या सकाळी ग्राहकाचा फोन आला. काही कव्हरांना तेलाचं होल उलट्या बाजूला! आमच्या रिपोर्टवर सगळे जॉब, म्हणजे ती कव्हरं, ओके.

कव्हर दोन्हीकडून सारखंच दिसतं, म्हणून जॉब धरून ठेवणाऱ्या फिक्श्चरवर डॉवेल पिन, म्हणजे जागा पक्की करणारी खुंटी, आहे. जॉब उलटा धरला तर बसूच नये. पिनेवर बोट फिरवलं, तर डोकं चेपून पसरलेलं. परत आलेल्या कव्हरांवर त्याच जागी खोलगट व्रण.

ऑपरेटरला विचारलं. "सर, सरळ धरला तरी ठोकल्याबिगर बसत न्हाई. बर किती असती बघा की!"

खरं होतं. फाउंड्रीतल्या साफसफाईत, म्हणजे फेटलिंगमध्ये, साच्याच्या जोडावर राहिलेली धातूची कड, म्हणजे बर, नीट निघत नव्हती, त्यामुळं हातोडी रोजचीच झालेली. उलट्या जॉबला दोन ठोके जास्त पडले तर त्याला वेगळं काय वाटणार?

मला रशियाचं प्रोटॉन-एम रॉकेट आठवलं. 2 जुलै 2013 ला कझाकस्तानातल्या बायकोनूरहून ग्लोनास या रशियन दिशादर्शक यंत्रणेचे तीन उपग्रह घेऊन निघालेलं हे रॉकेट उडताच डोलायला लागलं, उलटं फिरलं आणि अर्ध्या मिनिटात कोसळलं. कोनीय वेग मोजणारे तीन सेन्सर उलटे बसवले होते. तसं होऊ नये म्हणून तिथंही पिन होती, आणि अवशेषांवर जोर लावल्याच्या खुणा सापडल्या. उड्डाणाआधीच्या तपासणीतून ते सुटले, कारण सेन्सर बिघडलेले नव्हतेच. दिशा चुकली होती. आमचं प्लग गेजही तसंच. व्यास बघतं, बाजू नाही.

नासाच्या जेनेसिस यानाचं प्रकरण मला जास्त बोचतं. 8 सप्टेंबर 2004 ला सौरवाऱ्याचे नमुने आणणारी कुपी पॅराशूट न उघडता युटाच्या वाळवंटात आदळली. वेग घटल्याचं ओळखणारे स्विच उलटे होते. तिथं कुणी ठोकाठोकी केली नव्हती, ड्रॉइंगच उलटं! आणि सेंट्रिफ्यूजवरची, म्हणजे गरगर फिरवून घ्यायची, चाचणी गाळलेली, कारण डिझाइन आधीच्या स्टारडस्ट यानावरून घेतलेलं.

मालक म्हणाले, "ऑपरेटरला समज दिली, असं ग्राहकाला कळवून टाका." मी तसं लिहिलं नाही. पिन बदलली, फिक्श्चरवर बरीसाठी खाच काढली, उलट्या जॉबवर बसणारच नाही असं गेज करायला टाकलं. खर्च बघून मालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या, पण सही झाली.

मशीनवरची हातोडी उचलायला गेलो, तर ऑपरेटर म्हणाला, "आधी बर काढा सर, मग हातोडी." त्याचंही बरोबर. तो लॉट संपेपर्यंत हातोडी ठेवली. फक्त ठोकलेला जॉब वेगळ्या ट्रेमध्ये टाकायचा, एवढंच ठरलं.