दोन बायोप्सी, एक पेशंट आणि अडकलेली मंजुरी

"यातला तुमच्या वडिलांचा रिपोर्ट कुठला?"

मिरजेतल्या एका हॉस्पिटलात, सरकारी योजनेच्या काउंटरवर, मला हे तीनदा विचारलं. दोन्ही आमच्या अण्णांचेच होते.

लघवीतून रक्त गेलं, पण दुखलं काहीच नाही, म्हणून अण्णा महिनाभर गप्प बसले. ४० वर्षं विडी ओढलेली. मूत्राशयातली गाठ दुर्बिणीतून काढली, तर कॅन्सर स्नायूपर्यंत गेलेला. गाठ काढण्याआधीच्या रक्ततपासणीत पीएसए, म्हणजे प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, वाढून १४ आलं होतं, म्हणून प्रोस्टेटचीही (मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) बायोप्सी झाली. तिथं वेगळाच कॅन्सर, ग्लीसन ७ (प्रोस्टेटचा कॅन्सर किती आक्रमक, त्याचा आकडा). एकाचा दुसरीकडे पसरलेला नव्हे, दोन्ही आपापल्या जागी उपजलेले. पुरुषांचं मूत्राशय काढताना सहसा प्रोस्टेटही काढतात, त्यामुळे ऑपरेशन एकच होणार होतं.

आणि योजनेच्या मंजुरीला गेलेली केस क्वेरीला पडली, म्हणजे शंका काढून अडवली. "निदानात विसंगती." फॉर्मवर निदानाला एकच ओळ, आमच्या एका रिपोर्टवर युरोथेलियल (मूत्राशयाच्या अस्तराचा कॅन्सर), दुसऱ्यावर अ‍ॅडिनोकार्सिनोमा (ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा). काउंटरवाले म्हणाले, लॅबमध्ये नावांची अदलाबदल झाली असणार. लॅबवाले म्हणाले, आमचं बरोबर आहे, त्यांनाच विचारा. परत काउंटर, तर साहेब जेवायला गेलेले. मग शनिवार, रविवार. सांगली-मिरज बसच्या फेऱ्या मी मोजायच्या सोडल्या. घरी गेलो की अण्णा विचारायचे, "आज झालं का रे?" त्यांच्या लघवीतून गुठळ्या जात होत्या, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं, तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन झालंच पाहिजे. त्यातले ११ दिवस एका ओळीच्या फॉर्मनं खाल्ले. तो राग अजून गेलेला नाही.

शेवटी सर्जननी स्वतःच्या लेटरहेडवर चार ओळी लिहिल्या: दोन स्वतंत्र कॅन्सर, शस्त्रक्रिया एकच. खाली पॅथॉलॉजिस्टची सही. दोन दिवसांत मंजुरी आली. असे दोन रिपोर्ट हातात पडले, तर हे पत्र कागद भरायच्या आधीच मागून घ्या.

रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का, तेही आधी बघा. आणि दोन्ही बायोप्सींचे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेले तुकडे, लॅबकडे असतात; दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायचं तर नुसता कागद पुरत नाही, ते मागून घ्यावे लागतात.

हो, पिशवीचं राहिलं. मूत्राशय काढल्यावर बहुतेकदा आतड्याच्या तुकड्यातून लघवी पोटावरच्या पिशवीत येते. तिच्या जागेची खूण ऑपरेशनआधी करतात, तेव्हा पेशंटला रोजच्या कपड्यांत उभं करा, बसवा. अण्णा धोतर नेसतात. धोतराची गाठ नेमकी खुणेवर येत होती. नर्सबाईंनी खूण पुसली आणि दोन बोटं खाली घेतली.