आधी खराटा

मागच्या संक्रांतीला गावाहून पुण्याला परतताना गाडीच्या डिकीत तिळगुळाचा डबा, तुरीच्या डाळीचं पोतं आणि एक खराटा असा ऐवज होता. डाळीचं कौतुक झालं, तिळगूळ दोन दिवसांत संपला. खराट्याकडे पाहून बायको म्हणाली, "हा इथं कुठं वापरणार? आपल्याला अंगण कुठाय?" प्रश्न बिनतोड होता. आमच्या फ्लॅटला अंगण म्हणून जे मिळालंय त्याला बिल्डर ड्राय बाल्कनी म्हणतो. तिथं वॉशिंग मशीनच्या मागं मी तो उभा करून ठेवला. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आईला नातवाच्या तोंडाऐवजी नेमका तोच दिसला. "उभा काहून ठेवला रे? आडवा कर आधी."

खराटा असो, केरसुणी असो, तिचं आपल्या घरात मोठं विचित्र असतं. तिला पाय लागू द्यायचा नाही. लागलाच तर नमस्कार करायचा. ओलांडायची नाही. दिवेलागणीनंतर केर काढायचा नाही, लक्ष्मी जाते. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहायचं. आणि दुसऱ्या दिवसापासून पाहुण्यांना दिसू नये म्हणून दाराआड कोंबायची. बरं, वर्षातून एकदा का होईना, केरसुणीला हळदकुंकू तरी मिळतं. ती हातात धरून ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांच्या वाट्याला तेवढंही आलं नाही.

तर खराटा. आमच्याकडे वऱ्हाडात तो तुराट्यांचा. तूर निघाली, झोडपून झाली, की आमचे आजोबा, आबाजी, तुराट्यांच्या ढिगाशी बसायचे. सगळ्या चालत नाहीत. बुडाला जाड आणि शेंड्याला बारीक फाटे फुटलेल्या, अशा निवडून बाजूला काढायच्या. त्यांच्यावर पाणी शिंपडून रात्रभर ओलं पोतं टाकायचं, म्हणजे बांधताना कडाकडा मोडत नाहीत. सकाळी दोन्ही पायांच्या अंगठ्यांत दोर ताणून धरायचा, आणि जुडी त्या दोरावर फिरवत फिरवत आवळत न्यायची. शेवटी बुडाकडून मधोमध एक खुंटी ठोकायची. खुंटी आत गेली की आधीच घट्ट असलेला बांध दगडासारखा होतो. मग खराटा जमिनीवर दोनदा आपटून आबाजी म्हणायचे, "झाला बाबाचा खराटा." लहानपणी मला वाटायचं, बाबाचा ही कंपनी असावी. बजाजची स्कूटर, तसा बाबाचा खराटा.

बाबा म्हणजे गाडगेबाबा, हे नंतर कळलं. आबाजींनी त्यांना एकदाच पाहिलं होतं, वडिलांच्या खांद्यावर बसून, ऋणमोचनच्या यात्रेत. बाबांचं कीर्तन कसं होतं, असं विचारलं की आबाजी खजील व्हायचे. कारण कीर्तन उभं राहीपर्यंत ते झोपी गेले होते. अख्खा वऱ्हाड ज्यासाठी बैलगाड्या जुंपून यायचा, ते कीर्तन या गृहस्थांनी झोपेत घालवलं. त्यांना आठवत होती ती फक्त दुपार. पूर्णेच्या काठावर, भर गर्दीत, एक म्हातारा वाकून झाडतोय. अंगावर नाना रंगांच्या चिंध्यांचं गोधडीसारखं काहीतरी. "तोंड दिसलंच नाही मले," आबाजी सांगायचे, "पाठच दिसली." 

हे मला फार नंतर, म्हणजे आबाजी गेल्यावर, जाणवलं की त्यांना बाबा बरोबर क्रमाने भेटले होते. आधी खराटा. कीर्तन मागाहून.

शेंडगावला, अमरावती जिल्ह्यात, २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परटाच्या घरात जन्मलेला हा डेबूजी. बाप झिंगराजी दारूपायी गेला. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला आली आणि पोरगं मामाची गुरं राखत, नांगर धरत वाढलं. शाळा नाहीच. पुढं लग्न झालं, मुलगी झाली, आणि बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे दारू-मटणाची पंगत द्यायची वेळ आली, तर या गड्यानं बुंदीचे लाडू वाढले. मला हे लाडू त्यांच्या साऱ्या चरित्रात सगळ्यात जास्त आवडतात. पुढचं सगळं त्यात आहे. लोकांच्या तोंडचा घास काढून घ्यायचा, पण तोंड रिकामं ठेवायचं नाही. १९०५ साली ते घर सोडून निघाले. डोक्यावर फुटक्या मडक्याचं खापर, त्यातच जेवायचं. एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच. लोकांनी नावं तरी किती ठेवली. कुठं गोधडेबुवा, कुठं चिंधेबुवा. शेवटी मडक्याचंच नाव टिकलं.

वऱ्हाडात गावोगाव एकच गोष्ट सांगतात. गावकऱ्यांनी बुवांच्या स्वागताची तयारी केली, हार आणले, वाजंत्री बोलावली, वेशीवर वाट पाहत बसले. आणि सकाळपासून गल्ली झाडणाऱ्या एका भिकाऱ्याला "ए, सरक बाजूला" म्हणून हाकलत राहिले. संध्याकाळी तोच भिकारी कीर्तनाला उभा राहिला. आमच्या गावचे लोक शपथेवर सांगतात की हे आमच्याच वेशीवर घडलं. पलीकडच्या गावचेही तेच सांगतात. दोन्ही गावांत यावरून थोडं वाकडं आहे. मला वाटतं, दोघंही खरं बोलत असावेत. जो माणूस पन्नास वर्षं हेच करत हिंडला, त्याला ओळखण्यात दोन गावं चुकली तर नवल काय?

नवल मला दुसऱ्याच गोष्टीचं वाटतं. हा माणूस बोलायला गोड नव्हता हो. कीर्तनात तो लोकांना सरळ कोंडीत पकडायचा. देव किती? लोक म्हणायचे, एक. मग तुमच्या गावात खंडोबा आहे? आहे. भैरोबा? आहे. मारुती? आहे. असं एकेक मोजून घेत विचारायचं, मग आता किती झाले? समोरची मंडळी हसत हसत गप्प. सत्यनारायणाच्या पोथीत प्रसादाने बुडालेली नाव वर येते ना? मग लढाईत एवढ्या बोटी बुडाल्या, समुद्राच्या काठावर एक पूजा घालून त्या वर का काढत नाही? नवसाला बकरं कापू नका, कर्ज काढून लग्नं करू नका, दारू सोडा, शिवाशिव पाळू नका. लोकांच्या अगदी आतल्या, मर्मावरच्या गोष्टी. त्यांच्याच गावात, त्यांच्याच देवाच्या दारात, आणि तेही जातीनं परीट असलेल्या, अक्षरशत्रू माणसानं ऐकवायच्या. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर गावानं दगड घातले असते. इथं मात्र हजारो माणसं मांडी घालून बसायची, स्वतःवरच हसायची आणि शेवटी "गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला"च्या गजरात टाळ्या धरायची.

नोव्हेंबर १९५६ मध्ये वांद्र्याला पोलिसांपुढं त्यांनी कीर्तन केलं, त्याचं ध्वनिमुद्रण आहे. मी ते इअरफोन लावून ऐकलं. आवाज थकलेला, खरखरीत, थेट आमच्या पारावरचा. दर चार वाक्यांनंतर समोरच्यांना प्रश्न, आणि उत्तर आल्याशिवाय गाडी पुढं नाही. ऐकता ऐकता मी एकटाच बसमध्ये "हो" म्हणालो. शेजारच्या बाईंनी पर्स छातीशी धरली.

या रागावण्याचं लोकांनी एवढं प्रेमानं का घेतलं? माझं उत्तर आबाजींच्या त्या झोपेत आहे. संध्याकाळी जो बोलणार, त्याची दुपारची पाठ लोकांनी पाहिलेली असायची. तुमची गटारं यानं उपसली, तुमच्या दारातली घाण यानं उचलली, आणि त्या बदल्यात तुमच्याकडचं जेवणही नीट घेतलं नाही. कुठं चटणी-भाकर मागितली आणि एका बाजूला बसून खापरात खाल्ली. पाया पडू देत नसत. कुणी वाकलाच तर काठी उगारायचे. मला कुणी शिष्य नाही आणि मी कुणाचा गुरू नाही, हे ते बजावून सांगत. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथं लोकांच्या पैशातून मोठमोठ्या धर्मशाळा उभ्या केल्या, आणि आपल्या घरच्यांचा त्यांवर काडीचा हक्क ठेवला नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबासाहेब आंबेडकरांच्या संस्थेच्या हवाली करून मोकळे झाले. असा माणूस रागावला तर उलटून बोलायला जागा कुठं उरते?

आमच्या सोसायटीत एक सद्गृहस्थ रोज सकाळी ग्रुपवर सूचना टाकतात. कचरा वेगळा करा, पार्किंगमध्ये थुंकू नका, खाली तीन उद्गारचिन्हं. त्यांचं एक अक्षर चुकीचं नसतं, आणि ते कुणी वाचत नाही. हसायला नको, मीही मोबाइलवर बोट फिरवत फिरवतच मुलाला सांगतो, मोबाइल ठेव आणि पुस्तक घे.

पुस्तकावरून आठवलं. शिक्षणाचं वेड या निरक्षर माणसाला विलक्षण. जेवायचं ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला हलकं लुगडं घ्या, पण पोराला शाळेत घाला, असं ते सांगत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडला १९५४ साली कॉलेज काढलं, त्याला त्यांचंच नाव दिलं. आमच्या अमरावती विद्यापीठालाही २००५ मध्ये ते मिळालं. माझ्या पदवीवर नुसतं अमरावती विद्यापीठ आहे, धाकट्या बहिणीच्या पदवीवर बाबांचं नाव. "तुह्यी डिग्री बाबाच्या आधीची, म्हणजे न झाडलेली," असं ती मला अजून चिडवते.

काकांना टाटा हॉस्पिटलला नेलं तेव्हा आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो होतो. बंगालकडचे, बिहारकडचे, उत्तर प्रदेशातले पेशंट आणि त्यांची माणसं. शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीला मराठी येत नव्हतं आणि आम्हाला बंगाली. गाडगे कौन, हे तिला ठाऊक असायचं कारण नव्हतं. पहाटे उठून ती आपल्या खाटेभोवतीची जागा झाडायची, आणि झाडता झाडता आमच्या खाटेखालचीही. काकू दुसऱ्या दिवशी तिच्याआधी उठली. तिसऱ्या दिवशी म्हातारी काकूच्याआधी. दोघींची ही चढाओढ अकरा दिवस चालली, एक शब्द न बोलता. काका घरी आले, पुढं चार वर्षं राहिले. काकू अजून विचारते, "त्या बंगाली बाईच्या नवऱ्याचं काय झालं असंन?"

डिसेंबर १९५६. सहा तारखेला बाबासाहेब गेले. दोघांचा जीव एकमेकांवर होता. पुढं चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीकडे येताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी गाडीतच बाबा गेले. माझी समाधी बांधू नका, पुतळा उभारू नका, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. आपण त्यांचं पुष्कळ ऐकलं, हे तेवढं ऐकलं नाही. अमरावतीच्या गाडगेनगरात समाधी आहे आणि पुतळे तर चौकाचौकांत. आमच्या तालुक्याच्या गावीही आहे. हातात सिमेंटचा खराटा. पुण्यतिथीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकदा तिथून गेलो होतो. चौथऱ्याभोवती झेंडूच्या पाकळ्या, चहाचे कागदी कप आणि कुणाच्या तरी भाषणाचं चुरगळलेलं पान. सिमेंटचा तो खराटा जागचा हलत नव्हता, एवढंच.

या फेब्रुवारीत एका रविवारी सकाळी मी ड्राय बाल्कनीतून खराटा काढला आणि पार्किंगमध्ये उतरलो. लिफ्टमध्ये दोघं भेटले. दोघांनीही खराट्याकडे न पाहण्याचा एवढा प्रयत्न केला की मलाच त्यांची दया आली. खाली दोन गाड्यांच्या मधल्या धुळीवर पहिला हात मारला. हात विसरला होता. जोर लावला की धूळ नुसती उडते. आबाजी मनगटातून ओढायचे, जमिनीवर बारीक रेघा उमटायच्या, विंचरल्यासारख्या. पाचव्या-सहाव्या हाताला तशा उमटल्या.

तेवढ्यात वॉचमन धावत आले. "साहेब, तुम्ही कशाला, आणा इकडं." मी म्हटलं, राहू द्या. त्यांना ते पटलं नाही, पण त्यांची नजर खराट्यावर गेली. हातात घेतला, उलटा केला, बांधावरून अंगठा फिरवला, खुंटी हलवून पाहिली.

"तुराट्याचा हाय की," ते म्हणाले. "आमच्या हिंगोलीकडं बी असाच बांधत्यात. कुणी बांधला?"

"गावच्या एका म्हाताऱ्यानं. आमचे आजोबा बांधायचे आधी."

"खुंटी जरा आणखी ठोकाया पायजे." पार्किंगच्या कोपऱ्यातला एक दगड उचलून त्यांनी दोन ठोके दिले, खराटा जमिनीवर दोनदा आपटला आणि मला परत दिला. मग आपला नायलॉनचा झाडू घेऊन ते पलीकडच्या टोकापासून सुरू झाले.

वर आल्यावर खराटा आडवा ठेवला.