लॅक्स्टनचा नकाशा: पर्चवर अडलेली गाडी गुंठ्याने सुटली

तीन रविवार पाण्यात गेले आणि माझी चूक निघाली चौथीतल्या पोराने करावी तशी.

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडक्यात. लॅक्स्टन हे नॉटिंगहॅमशायरमधलं गाव. इंग्लंडभर सामाईक शेतांच्या वाटण्या होऊन कुंपणं उभी राहिली, इथे मात्र वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड ही उघडी शेतं आजही पट्ट्यापट्ट्यांनी कसली जातात. १६३५ मध्ये मार्क पिअर्सने जमीनदार सर विल्यम कोर्टेनसाठी अख्खं गाव मोजलं. कोणता पट्टा कोणाकडे, हे नोंदवहीत आणि नकाशावरही. जवळजवळ सात-बाराच! मूळ नकाशा ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. माझ्याकडे त्याचं प्रिंट आहे. त्यावरून ट्रेसिंग करून ते ऑर्डनन्स सर्व्हेच्या, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याच्या, पंचवीस इंची (मैलाला पंचवीस इंच) शीटवर बसवायचं, हा उद्योग.

वेस्ट फील्डचं ट्रेसिंग संपलं. बेरीज मात्र जुळेना. सर्व्हेच्या शीटवर क्षेत्रफळ एकरात, दशांशात असतं. जुन्या नोंदीत एकर, रूड, पर्च. समजा १–२–२० लिहिलंय, तर मी एक्सेलमध्ये खुशाल १.२२ भरत होतो. खरं तर ४० पर्चचा एक रूड आणि ४ रूडचा एकर, म्हणजे ते होतात १.६२५ एकर. थोडाथोडका नाही, प्रत्येक ओळीत घोळ.

डोक्यात प्रकाश पडला तो गावच्या वाटणीपत्रामुळे. आपलेही एकराला ४० गुंठेच की! म्हणजे रूड झाला १० गुंठ्यांचा आणि ४ पर्चचा एक गुंठा. वरचा पट्टा सरळ ६५ गुंठे. हा योगायोग नाही. इंग्रजांची मोजणीची साखळी ६६ फुटांची, तिच्या निम्म्याचा, ३३ बाय ३३ फुटांचा चौरस म्हणजे आपला गुंठा. आता मी सगळं आधी गुंठ्यांत मांडतो, मग एकर करतो. इंग्लंडची जमीन गुंठ्यांत मोजताना हसू येतं, पण हात चुकत नाही.

शीट बसवण्याचं काम अजून रडतंय. चर्च आणि रस्त्यांचे फाटे पक्के धरले तर गावठाण छान बसतं, पण कडेच्या ओढ्याकाठच्या गवताळ पट्ट्या सरकतात. त्यांना तिथे ‘साइक’ म्हणतात. तिथे नांगर चालत नाही. या पट्ट्या मी शेवटी घेणार.

नोव्हेंबरअखेर जमलं तर प्रत्यक्ष जाईन. त्या सुमारास गावची ज्यूरी, म्हणजे पाहणी करणारे पंच, नव्याने गहू पेरलेल्या शेतात फिरते, कोणी नांगर सामाईक वाटेत घातलाय का पाहते, हद्दीला खुंट्या ठोकते. मग कोर्ट लीट, म्हणजे जमीनदारीच्या काळापासूनचं गावचं न्यायालय, बसतं आणि दंड होतो. बांध कोरणारे इथेही आहेत तर!

तोवर मिल फील्ड. पहिले अकरा पट्टे झाले, बाराव्यावर शाई सांडली.