चिऊचा पाय

जुलैतली रात्र. ठाण्याच्या पाचपाखाडीत पाऊस नुसता कोसळत होता. माझ्या प्राण्यांच्या दवाखान्याचं शटर अर्धं ओढलं होतं, तेवढ्यात छत्री टाकून एक काका-काकू आत शिरले. काकूंच्या शालीत जेमतेम दोन किलोंची कुत्री थरथरत होती. सोफ्यावरून उडी मारलेली, पुढचा उजवा पाय लोंबकळत होता.

अंग चिहुआहुआसारखं, पण पाय काडीसारखे लांब आणि कानांवर झालरीसारखे केस. मी केसपेपरवर जातीपुढे ‘मिश्र’ लिहिलं. काकूंना ते लागलं. "डॉक्टर, मिश्र नाही हो ती. रशियन टॉय आहे. हे सहा वर्षं मॉस्कोत नोकरीला होते, तिथून आणलीय." कागदावरचं नाव लांबलचक होतं. घरात ती चिऊ.

एक्स-रेत मनगटाच्या जरा वर दोन्ही हाडं तुटलेली दिसली. इतक्या लहान कुत्र्यांत त्या जागी रक्तपुरवठा तोकडा असतो. नुसतं प्लास्टर घातलं तर हाड बरेचदा जुळतच नाही. धातूची प्लेटच बसवावी लागणार होती. वेदनाशामक देऊन, पायाला आधार बांधून सकाळची वेळ दिली.

बांधताना काका बोलत राहिले, बहुधा धीर यावा म्हणून. क्रांतीपूर्वीच्या रशियात इंग्लिश टॉय टेरियर, म्हणजे रशियन टॉयची पूर्वज जात, श्रीमंतांच्या घरी लाडकी होती. पुढच्या उलथापालथीत ती जवळपास संपली. 1950च्या दशकात मॉस्कोतल्या लोकांनी ती पुन्हा उभी करायला घेतली, तेव्हा हाताशी होती ती बहुतेक वंशावळ नसलेली, सरमिसळ झालेली कुत्री. 1958 साली, 12 ऑक्टोबरला, दोन आखूड केसांच्या कुत्र्यांना एक पिल्लू झालं. त्याच्या कानांवर आणि पायांवर लांब केसांची झालर होती. त्याचं नाव चिकी. कुणी त्याला खोट म्हणून बाजूला टाकलं नाही. येवगेनिया झारोवा या बाईंनी पुढाकार घेऊन ती झालर पुढच्या पिढ्यांत जपली. चिऊच्या कानांवर होती ती तीच.

ते गेल्यावर मी त्या जातीचं मानक, म्हणजे ती कशी दिसावी याचं अधिकृत वर्णन, शोधून वाचलं. आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाने, म्हणजे एफसीआयने, 2006 साली तात्पुरती मान्यता दिली आणि 2017 साली कायमची. अमेरिकन केनेल क्लबच्या टॉय गटात ती 2022 मध्ये आली. मी ‘मिश्र’ खोडून नीट नाव लिहिलं. झोपेपर्यंत चिकीच्या त्या आईबापांचाच विचार मनात होता.

सकाळी खरी काळजी भुलीची होती. मोठ्या कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवलं असतं तर साखर घसरली असती, म्हणून काकूंना पहाटे थोडं भरवायला सांगितलं होतं. टेबलावर गरम पाण्याच्या पिशव्या, पंजे गुंडाळलेले. एवढासा जीव मिनिटांत गार पडतो. हाड पेन्सिलीपेक्षा बारीक. दीड मिलिमीटरचे स्क्रू बसवताना मी श्वाससुद्धा जपून घेत होते. शेवटचा टाका घातला आणि हात थरथरायला लागले, तोवर नाही.

शुद्धीवर आल्यावर चिऊने पहिल्यांदा काकूंचा पदर शोधला.

आठव्या आठवड्यात एक्स-रेत हाड जुळलेलं होतं. काकांनी घरी सोफ्याला लाकडी उतार करून घेतला होता. टेबलावरून खाली ठेवलं तशी चिऊ चारही पायांवर दारापर्यंत गेली आणि बाहेरचा पाऊस बघून परत फिरली.